नरनाळ्याचा महाल आणि पाण्याचा ताळेबंद

वर्धा नदीच्या अलीकडे नाचणगाव, पलीकडे वऱ्हाड. डिसेंबर १८०३ मध्ये देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला. परंतु नरनाळा व गाविलगड हे दोन गड त्यांच्याकडेच राहिले. मुलूख गेला तरी जे गड राखले गेले, त्यांपैकी नरनाळ्याचे वैभव आज आपल्या भागातील फार थोड्या कुटुंबांनी पाहिले आहे.

अकोला जिल्ह्यात अकोटच्या उत्तरेस, सातपुड्याच्या माथ्यावर सुमारे ९७० मीटर उंचीवर हा गड आहे. मुख्य नरनाळा, पूर्वेस जाफराबाद आणि पश्चिमेस तेलियागड असे त्याचे तीन भाग. वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतेउल्ला इमादउल्मुल्क याने १४८७ च्या सुमारास येथील महाकाली दरवाजा उभारला. इस्तंबूलच्या उस्मानी सुलतानांचा तोपकापी राजवाडाही त्याच शतकातला. तो समुद्रकाठी, हा डोंगरमाथ्यावर.

महाकाली दरवाजा पांढरट वालुकाश्माचा आहे. त्यावर कमळे कोरलेली असून वर अरबी शिलालेख आहे. दोन्ही बाजूंच्या सज्जांना दगडी जाळ्या असून त्यांच्या नक्षीत विविधता आहे. अरबी अक्षरे आणि भारतीय कमळ एकाच भिंतीवर सुखाने नांदतात. कारागिरांच्या परंपरा राजवटीबरोबर संपत नाहीत, याची ही साक्ष होय. आत राणी महालाच्या कमानी, मशीद आणि नऊगजी तोफ आहे.

मात्र एवढ्या उंचीवर वस्ती टिकली ती पाण्यामुळे. गडाच्या तटांच्या आत बावीस तलाव असल्याची नोंद आहे. पावसाचे पाणी दगडी वाटांनी वळवून साठविले जाई. जमा पावसाळ्यातली, खर्च आठ महिन्यांचा. हा ताळेबंद चुकला असता तर एकही महाल उपयोगी पडला नसता.

येथील चार झाकलेल्या दगडी टाक्यांना लोक तेला-तुपाच्या टाक्या म्हणतात. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरने मात्र त्या मुसलमानी राजवटीपूर्वी जैनांनी पाण्यासाठी बांधल्याचा समज नोंदविला आहे. समज म्हणजे पुरावा नव्हे. जुन्या वहीतील बिनसहीच्या नोंदीवर जसा दावा सांगता येत नाही, तसेच हे आहे. येथे अभ्यासकांनी शोध घेणे आवश्यक आहे. परंतु पाणी झाकून ठेवावे, जपून वापरावे, हा संस्कार ज्या घरांत आजही पाळला जातो, त्यांना या टाक्या परक्या वाटणार नाहीत.

आज हा गड मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील नरनाळा अभयारण्यात येतो. पायथ्याच्या शहानूर गावी वनखात्याची परवानगी घेऊनच वर जाता येते. महालांच्या जुन्या चुन्यावर नावे कोरली की ती जखम भरून येत नाही, आणि तलावात टाकलेले प्लॅस्टिक वन्य जिवांच्या पोटात जाते. अहिंसा मानणाऱ्यांना याहून अधिक सांगणे नको.

मुक्तागिरीच्या यात्रेला जाणाऱ्या कुटुंबांनी एक दिवस नरनाळ्यासाठी अवश्य राखावा. मुलांना दरवाजा दाखवावा, तसे टाकेही दाखवावे. राजाचे नाव शिलालेखात राहिले. ज्यांनी टाकी खोदली, त्यांचे नाव कोठेही नाही, पण गड जगला तो त्यांच्यामुळेच.