झिंग्यांना चटका, संत्र्याची कोशिंबीर : भीती नेमकी कशाची?

सीताबर्डीला नागपूरकर नुसतं ‘बर्डी’ म्हणतो. मृग बहराची संत्री बाजारात आली की बर्डीवर गेलेला माणूस पिशवीभर संत्री घेतल्याशिवाय सहसा परतत नाही. यंदा त्या पिशवीत अर्धा किलो झिंगेही होते. बेत साधा होता. कडक तापलेल्या तव्यावर झिंग्यांना चटका द्यायचा आणि वर संत्र्याची गार, आंबट-तिखट कोशिंबीर घालायची. शेजारच्या काकूंनी ओट्यावर दोन्ही वस्तू शेजारी-शेजारी पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. “अरे बापा, संत्र्यासंगं झिंगे? जहर होते त्याचं! मोबाइलवर आलं आहे.”

काकूंनी तो निरोप मोठ्यानं वाचून दाखवला. मग आणखी चार गोष्टी सांगितल्या. त्यातल्या बऱ्याचशा आपण सगळेच ऐकत आलो आहोत, म्हणून एकेक तपासून पाहू.

गैरसमज : झिंगे आणि संत्रं किंवा लिंबू एकत्र खाल्लं की पोटात सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, तयार होतो.

वस्तुस्थिती : या निरोपात अर्धं वाक्य खरं असतं, म्हणून तो टिकतो. समुद्री जीवांच्या अंगात आर्सेनिक असतं, हे खरं. पण झिंग्यांतलं बहुतेक आर्सेनिक ‘आर्सेनोबीटेन’ या सेंद्रिय रूपात असतं. शरीर त्याचं काही करत नाही. ते लघवीवाटे जसंच्या तसं निघून जातं. विषारी असतं ते असेंद्रिय आर्सेनिक, आणि झिंग्यांत त्याचं प्रमाण अगदी नगण्य. राहिलं ते विष बनवतं म्हणतात ते ‘क’ जीवनसत्त्व : १०० ग्रॅम संत्र्यात ते साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम असतं. तेवढ्यानं ताटातल्या ताटात सोमल बनवण्याची रासायनिक करामत होत नाही. आणि रसायनशास्त्र बाजूला ठेवलं तरी कोकणाकडे पाहा. कोळंबीत आमसूल, कैरी, चिंच, वरून लिंबू असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. तिकडे कोळंबी, इकडे झिंगे. नाव बदललं तरी जीव तोच.

याच जातीची दुसरी समजूत म्हणजे मासळीवर दूध-दही घेतलं की कोड फुटतं. कोडात शरीराची रोगप्रतिकारशक्ती त्वचेतल्या रंगपेशींवरच उलटते. ताटात काय कशाशेजारी आलं, याचा त्याच्याशी संबंध आढळलेला नाही. बंगाली घरात दह्यातला मासा हा तर मानाचा पदार्थ आहे.

गैरसमज : नागपुरात समुद्र कुठून आला? इथले झिंगे शिळेच असणार.

वस्तुस्थिती : देशाचा मध्य म्हणून मिरवणारा झिरो माइलचा खांब बर्डीपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे, तेव्हा समुद्र लांब आहे याबद्दल वाद नाही. पण झिंग्याला समुद्र लागतोच असं नाही. भंडारा-गोंदियाच्या जुन्या मालगुजारी तलावांतून ढीवर मंडळी मासळीबरोबर गोड्या पाण्यातले झिंगेही काढत आली आहेत. सुक्या झिंग्यांची चटणी किंवा वांगं-झिंगे विदर्भाच्या ताटाला नवे नाहीत. मोठ्या आकाराचे झिंगे मात्र बहुतेक शेततळ्यांतून येतात. आंध्र प्रदेश हे देशातलं सर्वांत मोठं कोळंबी-उत्पादक राज्य आहे. तिथल्या तळ्यांत वाढणारी ‘व्हनामेई’ ही जात मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्याची. भारतात तिच्या संवर्धनाला २००९ मध्ये परवानगी मिळाली.

दुकानातले ‘ताजे’ झिंगेही वाटेत बर्फावरच असतात. काढल्याबरोबर उणे १८ अंशांखाली गोठवलेला झिंगा हा तीन दिवस वितळत्या बर्फात लोळलेल्या ‘ताज्या’ झिंग्यापेक्षा सरस निघू शकतो. पारख नाकानं करायची. अमोनियासारखा झणका आला तर परत करावा. अंग घट्ट हवं, बोटाला चिकट लागता कामा नये. सालीवरचे काळे डाग हे झिंग्यातल्याच विकरांचं काम असतं, कापलेलं वांगं काळं पडतं तसं. ते विष नव्हे, पण माल जुना होत चालल्याची खूण आहे. गोड्या पाण्याच्या झिंग्याचं डोकं लवकर काढावं, कारण डोक्यातल्या पाचक विकरांनी मांस पिठूळ होतं.

काळजी घ्यायची ती घरी आल्यावर. गोठवलेले झिंगे ओट्यावर उन्हाच्या झळीत वितळू देऊ नयेत. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावेत, किंवा घाई असेल तर बंद पिशवीसकट थंड पाण्यात बुडवावेत. एकदा वितळलेला माल पुन्हा गोठवू नये. नागपूरच्या मार्चमध्ये दोन तास बाहेर राहिलेला झिंगा हा संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त घातक आहे.

गैरसमज : पाठीतली काळी शीर विषारी असते.

वस्तुस्थिती : ती शीर नव्हेच, झिंग्याचं आतडं आहे. शिजल्यावर त्यातून विषबाधा होत नाही, पण दाताखाली कचकच लागते आणि चव कडवट होते. मोठ्या झिंग्यांची पाठ चिरून ती काढावी, बारीक झिंग्यांत सोडून दिली तरी चालते.

गैरसमज : मासळी आहे, चांगली वीस मिनिटं शिजवा, म्हणजे काळजी नाही.

वस्तुस्थिती : झिंग्याच्या आतलं तापमान ६३ अंश सेल्सिअसला पोहोचलं की तो खाण्यास सुरक्षित मानला जातो. बोटाएवढ्या झिंग्याला तिथवर यायला तापलेल्या तव्यावर दोन-तीन मिनिटं पुरतात. मटणात चिवट कोलेजन भरपूर असतं, ते विरघळायला वेळ लागतो, म्हणून मटण जितकं शिजेल तितकं मऊ. झिंग्याचं उलटं आहे. त्याची प्रथिनं ५० अंशांच्या आसपासच आवळू लागतात. तापमान चढत गेलं की ती पिळल्या कपड्यासारखी पाणी सोडतात आणि हाती रबर उरतं. वाकून इंग्रजी ‘सी’ झाला की झिंगा तयार, ‘ओ’ झाला की वेळ टळली, हा आडाखा बहुतेक वेळा बरोबर येतो.

गैरसमज : कडक चटक्यानं बाहेरून कवच धरतं आणि रस आत कोंडला जातो.

वस्तुस्थिती : ही कल्पना १९व्या शतकातल्या युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावानं जगभर गेली, आणि पुढे प्रयोगांत टिकली नाही. पुरावा आपल्याच तव्यावर आहे. चटका बसल्यावर जो चर्र आवाज चालू राहतो, तो पाणी बाहेर पडत असल्याचाच आवाज. कवच धरलं असतं तर तवा गप्प बसला असता.

मग चटका द्यायचा कशाला? चवीसाठी. सुमारे १४० अंशांच्या पुढे प्रथिनं आणि शर्करा यांच्यात जी प्रक्रिया वेगानं होते, तिनंच भाकरीला पापुद्र्यावरचे डाग आणि खरपूस वास येतो. लुई-कामिय माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञानं ती १९१२ मध्ये मांडली. पण पाणी १०० अंशांवर उकळतं. झिंगा ओला असेल तर तव्याची सगळी आच ते पाणी उडवण्यात जाते आणि झिंगा वाफेत शिजतो. म्हणून चटक्याचं अर्धं यश पंच्यात असतं : झिंगे स्वच्छ फडक्यानं टिपून अगदी कोरडे करावेत. काही पाकिटांतल्या झिंग्यांना पाणी धरून ठेवणारं फॉस्फेट लावलेलं असतं; ते तव्यावर तळं करतात. पाकिटामागचा मजकूर वाचावा आणि बर्फ वगळून निव्वळ वजन किती तेही पाहावं.

गैरसमज : गुलाबी झाला म्हणजे शिजला.

वस्तुस्थिती : कच्च्या झिंग्यातही गुलाबी-केशरी रंगद्रव्य असतंच. एका प्रथिनानं त्याला मिठी मारलेली असते, म्हणून झिंगा करडा-निळसर दिसतो. आच लागली की मिठी सुटते आणि रंग दिसू लागतो. हे पृष्ठभागावर आधी होतं, आत नंतर. म्हणून एक झिंगा मधोमध चिरून पाहावा. काचेसारखा अर्धपारदर्शक भाग उरलेला नसावा, मोत्यासारखा पांढरा दिसावा.

लिंबाच्या आंबटपणानंही ही मिठी सुटते, आणि तिथून पुढचा गैरसमज सुरू होतो.

गैरसमज : लिंबा-संत्र्याच्या रसात मुरवले की झिंगे न शिजवताही चालतात.

वस्तुस्थिती : पेरू देशातल्या सेविचेची छायाचित्रं पाहून हे घरी करण्याचा मोह होतो. आम्लानं प्रथिनं घट्ट होतात, रंगही बदलतो. पण खाऱ्या पाण्यातले व्हिब्रिओसारखे जिवाणू त्यानं खात्रीनं मरत नाहीत. गोड्या पाण्याच्या झिंग्यांत परजीवीही असू शकतात. आंबट रस ही चव आहे, आचेला पर्याय नाही. फळ झिंगे शिजल्यावरच घालावं. कच्चे झिंगे चिरलेल्या पाटावर संत्रं चिरू नये. तिथून जिवाणू न शिजणाऱ्या कोशिंबिरीत येतात. आधी फळ चिरावं, मग झिंगे.

गैरसमज : झिंगे म्हणजे कोलेस्टेरॉलचं भांडार, हृदयाला वाईटच.

वस्तुस्थिती : १०० ग्रॅम झिंग्यांत दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, हे कमी नव्हे. पण रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवण्यात ताटातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा हात मोठा असतो, आणि झिंग्यांत ती एका ग्रॅमहून कमी असते. म्हणजे हिशेब बिघडतो तो बहुधा लोण्यात बुडवल्यानं किंवा पिठात घोळून तळल्यानं. ज्यांना डॉक्टरांनी मर्यादा घालून दिली आहे त्यांनी ती पाळावी; बाकीच्यांनी झिंग्याऐवजी लोणी मोजावं.

गैरसमज : फळांचा ‘साल्सा’ हे परदेशी प्रकरण, त्याला परदेशी फळंच लागतात.

वस्तुस्थिती : साल्सा या स्पॅनिश शब्दाचा अर्थ नुसता सॉस. मेक्सिकोत टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर कच्चीच चिरून लिंबू पिळतात. त्याला आपण कोशिंबीर म्हणतो. फळ कोणतं घ्यावं, यात मात्र मेख आहे. कच्चं अननस, पपई, किवी यांत प्रथिनं तोडणारी विकरं असतात. झिंगे त्यांत मुरवले तर त्यांचा लगदा होतो. संत्र्यात तशी विकरं नाहीत.

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची साल सैल, फोडी सुट्या, गोडीला आंबटाची धार. वर्षात दोन बहर येतात : आंबिया दिवाळीच्या आगेमागे, मृग साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. मृगाची संत्री अधिक गोड असतात, त्यांना लिंबाचे चार थेंब जास्त लागतात. एक खोड आहे. संत्र्याच्या पापुद्र्यात आणि बियांत असलेला एक घटक रसाच्या आंबटपणात हळूहळू कडू लिमोनिन बनतो. म्हणून काढून ठेवलेला रस तासाभरानं कडवट लागतो. कोशिंबीर कडू झाली की आपण संत्र्याला नावं ठेवतो. चूक आपल्या सवडीची असते. पापुद्रे आणि बिया काढाव्यात, आणि फोडी अगदी ऐन वेळी मोडाव्यात. मीठही शेवटी घालावं, नाहीतर फळ पाणी सोडतं.

मग करायचं कसं?

चौघांसाठी अर्धा किलो सोललेले झिंगे घ्यावेत, शक्यतो किलोत तीस-चाळीस बसतील एवढे. मीठ, तिखट, चिमूटभर हळद लावून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवावेत. तेवढ्यात तीन संत्र्यांच्या फोडी सोलाव्यात. एक लहान कांदा, अर्धी हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर बारीक चिरावी. हे सगळं वेगवेगळं ठेवावं.

बिडाचा तवा मोठ्या आचेवर तापवावा. पाण्याचा थेंब टाकताच नाचत उडून गेला पाहिजे. झिंगे पुन्हा एकदा टिपावेत. तव्यावर शेंगदाण्याचं तेल दोन चमचे, आणि झिंगे एकमेकांना न चिकटता, थोडे-थोडे करून. गर्दी केली की तवा निवतो आणि पाणी सुटतं. पहिल्या बाजूला दीड-दोन मिनिटं हात लावू नये, उलटून एक मिनिट. ठेचलेला लसूण शेवटच्या अर्ध्या मिनिटात घालावा; आधी घातला तर जळून कडू होतो. झिंगे ताटात काढावेत, मग कोशिंबीर कालवावी : फोडी, कांदा, मिरची, कोथिंबीर, भाजलेल्या जिऱ्याची पूड, लिंबू, मीठ. गरमावर गार घालून लगेच वाढावं, सोबत ज्वारीची भाकरी.

आणि शेवटी ठेवलेला एक गैरसमज

काकू जायला निघाल्या तेव्हा दारात सहज म्हणाल्या, “आमच्या धाकट्याचे ओठ सुजते झिंगे खाल्ले का. घसाबी खाजवते. उष्ण असतात नं ते. चांगले शिजवले की नाही होत.”

दिवसभरात ऐकलेल्यांपैकी खरोखर घाबरवणारं वाक्य हेच होतं. ओठ सुजणं, घसा खाजणं, अंगावर गांधी उठणं ही उष्णता नव्हे, ॲलर्जी आहे. ती ज्या प्रथिनामुळे होते त्या ट्रोपोमायोसिनला आच सोसते. वीस मिनिटं शिजवा नाहीतर चाळीस, ते तसंच राहतं. आज ओठांवर थांबलेली सूज पुढच्या खेपेला श्वासावर येऊ शकते. अशा माणसानं झिंगे आणि खेकडे दोन्ही टाळावेत, डॉक्टरांना दाखवावं. श्वास लागला तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. त्याच्या ताटाला झिंग्यांचा चमचाही लागू नये.

संत्र्याच्या जहराचा निरोप काकूंनी चाळीस जणांना पुढे पाठवला होता. धाकट्याच्या ओठांची गोष्ट मात्र घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. तेव्हापासून झिंग्यांचा बेत असला की मी पाहुण्यांना जेवायला बोलावतानाच विचारून घेतो : “झिंगे सोसतात ना?”