बेटावरचा फोन: खर्च कशाचा, धास्ती कशाची?

कुंडल, पलूस, किर्लोस्करवाडी या पट्ट्यातल्या माणसांना रामेश्वरची यात्रा काही नवी नाही. अलीकडे तिच्या जोडीला अंदमानची सहल आली आणि हौशी मंडळी मॉरिशस, मालदीव, बालीपर्यंतही पोचू लागली. बॅगा भरायला घेतल्या की फोनबद्दल सल्ले सुरू होतात. ‘आपलं कार्ड तिकडं चालत नाही’, ‘उचलला की पैसे कापले’, ‘वायफायवर सगळं फुकट’. यातले काही सल्ले एके काळी खरे होते, तर काही भलत्याच ठिकाणचे नियम बेटांना चिकटवलेले आहेत.

गैरसमज: अंदमान समुद्रापलीकडे आहे, म्हणजे जादा दर लागणार.

वस्तुस्थिती: मधे किती पाणी आहे यावर कॉलचा दर ठरत नाही. दूरसंचार खात्याच्या नकाशात अंदमान-निकोबार पश्चिम बंगाल सर्कलमध्ये येतं, लक्षद्वीप केरळ सर्कलमध्ये, आणि सांगली-सातारा महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. त्यामुळे कुंडलहून श्री विजयपुरमला, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला, लावलेला कॉल आणि कोलकात्याला लावलेला कॉल यांच्या हिशेबात काहीच फरक नाही. अमर्याद कॉलच्या आजच्या पॅकमध्ये देशातलं रोमिंग धरलेलंच असतं.

ही धास्ती आली कुठून, हे खानापूर-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांना विचारावं. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेल्या या मंडळींनी रोमिंगचा जाच पुरेपूर सोसला आहे. मे २०१५ पर्यंत रोमिंगवर आलेल्या कॉललाही मिनिटाला ७५ पैसे लावायची कंपन्यांना मुभा होती. दूरसंचार नियामक ट्रायने ती मर्यादा ४५ पैशांवर आणली. त्याच वर्षी १५ जूनपासून बीएसएनएलने रोमिंगमधलं इनकमिंग फुकट केलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, एप्रिल २०१७ पासून एअरटेलनेही देशातलं रोमिंग काढून टाकलं, आणि तो जाच संपला. त्याची आठवण मात्र अजून ताजी आहे.

गैरसमज: महाराष्ट्रातलं प्रीपेड कार्ड अंदमानात बंद पडतं.

वस्तुस्थिती: हा नियम जम्मू-काश्मीरचा आहे. तिथे सुरक्षेच्या कारणावरून बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड कार्डं चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. काश्मीरला जाऊन आलेल्या पर्यटकांनी आणि तिकडे नोकरी केलेल्या जवानांनी सांगितलेली ही खरी गोष्ट गावात फिरता फिरता अंदमानलाही लागू झाली. अंदमानात प्रीपेड, पोस्टपेड दोन्ही चालतात. तेवढ्यासाठी पोस्टपेड घेण्याची गरज नाही.

गैरसमज: बेटावर रेंज नसते, त्यामुळे तिथे गेल्यावर नवं सिम घ्यावंच लागतं.

वस्तुस्थिती: १० ऑगस्ट २०२० पर्यंत ही तक्रार रास्त होती. अंदमानचा सगळा भार उपग्रहावर होता. साधा फोटो पाठवतानाही घाम फुटायचा. त्या दिवशी चेन्नईहून समुद्रतळाशी टाकलेली सुमारे २,३०० किलोमीटरची ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाली. श्री विजयपुरमबरोबर स्वराज द्वीप (हॅवलॉक), लिटल अंदमान, कार निकोबार, ग्रेट निकोबार अशी बेटं तिने जोडली. लक्षद्वीपला कोचीहून अशीच केबल ३ जानेवारी २०२४ रोजी मिळाली.

तरीही प्रत्येक कंपनीची रेंज सारखी नाही. आडबाजूच्या बेटांवर बीएसएनएलची पोच सगळ्यात जास्त आहे. सहलीला दहा जण निघाले असतील, तर त्यांतल्या एकाकडे चालू असलेलं बीएसएनएल कार्ड असलं की भागतं. दहाही जणांनी नवी सिमं घेणं हा निव्वळ वायफळ खर्च.

गैरसमज: रामेश्वर तर भारतातच, तिथे परदेशी बिलाचा प्रश्नच नाही.

वस्तुस्थिती: इथे नेमकं उलटं होऊ शकतं. रामेश्वर हेही बेटच. त्याच्या टोकाला, १९६४च्या वादळात उद्ध्वस्त झालेल्या धनुष्कोडीच्या पुढे, अरिचलमुनै आहे. तिथून श्रीलंकेचं तलाईमन्नार तीसेक किलोमीटरवर, मधे उघडा समुद्र. भारतीय टॉवरचा सिग्नल क्षीण झाला की फोन कधी कधी पलीकडचं नेटवर्क पकडतो आणि श्रीलंकेत स्वागत असल्याचा मेसेज येऊन पडतो. दोन्ही देशांचं घड्याळ एकच, त्यामुळे वेळ बदलून फोन काही इशाराही देत नाही.

ज्याच्या कार्डावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरूच नाही, त्याने घाबरू नये. त्याला पलीकडचं नेटवर्क सेवा देणार नाही. पण मागच्या परदेशवारीत रोमिंग सुरू करून ते तसंच ठेवलेलं असेल, तर पैसे कापले जाऊ शकतात. रामेश्वर सोडून धनुष्कोडीकडे निघताना सेटिंगमध्ये ‘डेटा रोमिंग’ बंद करावं आणि नेटवर्कची निवड आपोआप न ठेवता आपली कंपनी हाताने निवडावी. मिनिटभराचं काम आहे.

गैरसमज: फोन ज्याने लावला, पैसे त्याचे. परदेशातही इनकमिंग फुकट.

वस्तुस्थिती: देशात हे खरं, तेही (रोमिंगचा जुना जाच सोडला तर) २००३ पासून. परदेशात नाही. समजा, मुलगा-सून मॉरिशसला आहेत आणि आईने कुंडलहून नेहमीच्या नंबरावर फोन लावला. मुलगा कुठे आहे हे आईच्या कंपनीला ठाऊक नसतं, त्यामुळे तिला देशातलाच दर लागतो. कॉल आधी मुलाच्या भारतीय कंपनीकडे जातो, तिथून पुढे मॉरिशसला. या पुढच्या टप्प्याचे पैसे मुलाच्या खात्यातून जातात. आई ‘आणि जेवण कसलं मिळतंय?’ असं निवांत विचारत बसते, इकडे मीटर पळत असतो.

न उचललेल्या कॉलचे पैसे सहसा पडत नाहीत, पण त्याला एक पोटनियम आहे. ‘उचलला नाही तर दुसऱ्या नंबरवर पाठव’ अशी सोय चालू असेल, तर कॉल मॉरिशसपर्यंत जाऊन परत भारतात येऊ शकतो आणि येण्या-जाण्याचे दोन्ही पैसे लागू शकतात. निघण्यापूर्वी ##००२# डायल केलं की असे सगळे वळवलेले कॉल रद्द होतात. याउलट, सगळेच कॉल सरसकट घरच्या एखाद्या नंबरवर वळवून ठेवले, तर ते भारतातूनच वळतात. परदेशाचा टप्पा लागतच नाही.

गैरसमज: व्हॉट्सॲप कॉलला काय पैसे पडतात?

वस्तुस्थिती: कॉलला पडत नाहीत, इंटरनेटला पडतात. हॉटेलच्या वायफायवर बोलणं खरोखर फुकट. पण वायफायच्या टप्प्याबाहेर पडताच फोन गुपचूप रोमिंगच्या डेटावर जातो. त्यातही बोलण्यापेक्षा मोठा खादाड वेगळाच असतो: फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप, ॲपची अपडेट आणि भावकीच्या ग्रुपवर येऊन पडणारे व्हिडिओ. हे सगळं घरीच बंद करून निघावं.

गैरसमज: जहाजावर रेंज दिसली म्हणजे आपलंच नेटवर्क.

वस्तुस्थिती: किनारा सुटला की जमिनीवरचे टॉवर संपतात. चेन्नईहून अंदमानला जाणाऱ्या जहाजाचा प्रवास तीनेक दिवसांचा, त्यातला बहुतेक वेळ फोन मुका. काही क्रूझवर भर समुद्रातही रेंज दिसते. ती जहाजावरच्या उपग्रह-यंत्रणेची, आणि तिचा दर साध्या रोमिंगच्या कितीतरी पट. देशाच्या नावाने घेतलेल्या रोमिंग पॅकमध्ये ती बहुधा धरलेली नसते. तिथे फ्लाइट मोडच बरा.

गैरसमज: परदेशी बेटावर उतरलं की तिथलं सिम घालावं आणि आपलं काढून ठेवावं.

वस्तुस्थिती: तिथलं सिम किंवा ई-सिम बऱ्याचदा स्वस्त पडतं, यात वाद नाही. मॉरिशससारख्या बेटाला मागासलेलं समजू नये. एमटेल या कंपनीने तिथे १९८९ मध्ये मोबाइल सेवा सुरू केली, भारतात ती १९९५ मध्ये आली. पण आपलं कार्ड खिशात टाकलं की बँकेचा ओटीपी येणार कुठे? दोन सिमांच्या फोनमध्ये भारतीय कार्ड चालू, त्याचं डेटा रोमिंग बंद, आणि इंटरनेट तिथल्या सिमवर, ही मांडणी सोयीची. ओटीपीचा मेसेज यायला भारतीय कार्डावर आंतरराष्ट्रीय रोमिंग मात्र सुरू असावं लागतं. पर्यटकांसाठीची बरीच ई-सिमं फक्त इंटरनेटची असतात, त्यांना स्वतःचा नंबर नसतो. हॉटेलला किंवा गाडीवाल्याला साधा फोन लावायचा तर त्यांचा उपयोग नाही.

तिथल्या सिमवरून घरी साधा फोन लावायचा असेल, तर निघण्याआधी नंबर +९१ लावून साठवावेत. कुंडलच्या लँडलाइनला इथे ०२३४६ लागतो. मॉरिशसहून सुरुवातीचा शून्य गाळून +९१ २३४६ आणि पुढे नंबर.