पाताळपाणीचा कडा मागे का सरकतो?

इंदूरहून महूमार्गे दक्षिणेकडे निघालं की माळव्याचं सपाट पठार पाताळपाणीला एकाएकी संपतं. चोरल नदी काळ्या कड्यावरून दरीत झेपावते आणि पुढे नर्मदेला मिळते.

हा खडक बेसॉल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला, थिजला आणि थरावर थर साचले. सह्याद्रीचे कडेही याच लाव्हाचे.

पुढचं काम पाण्याचं. धबधब्याचा मार पायथ्याशी बसतो. तिथला ठिसूळ, सच्छिद्र थर आधी झिजतो, वरच्या कठीण थराचा आधार जातो आणि उभ्या भेगांमधून त्याचे चिरे निखळतात. दर वेळी कडा किंचित मागे, पठाराच्या दिशेने सरकतो. नायगारा असाच सुमारे 12 हजार वर्षांत जवळपास 11 किलोमीटर मागे आला. तिथला खडक वेगळा, रीत तीच.

इंदूरच्या कान्ह आणि सरस्वती नद्या मात्र उत्तरेला, क्षिप्रेकडे वाहतात. त्यांचा उतार मंद. नर्मदेकडे उतरणारे ओढे तीव्र उतारामुळे जोमाने जमीन कापतात आणि पाणलोटाची सीमा हळूहळू उत्तरेकडे ढकलतात.

पठारावर बेसॉल्ट जागच्या जागी कुजतो. रस्त्यासाठी कापलेल्या टेकाडात पापुद्रे सुटलेले वाटोळे दगड दिसतात. त्यांचा मुरूम होतो, मुरमाची काळी माती. माळव्यातला गहू आणि सोयाबीन याच मातीत पिकतात.

ही माती तयार व्हायला हजारो वर्षं लागतात. उताराच्या उघड्या शेतातून ती दर पावसाळ्यात वाहून जाते. तेव्हा पाऊस येण्याआधी बांध दुरुस्त करून घ्यावेत.