हेजहॉगला पिंजरा नको, जमीन हवी

ओंजळीत मावणारा, काटे फुगवून चेंडू होणारा हेजहॉग मोबाइलवर पाहून मुलं हट्ट धरतात, आणि ‘एक पिंजराच तर लागतो’ म्हणत आईवडीलही राजी होतात. हैदराबादच्या कोठीत, सुलतान बाजार आणि बडी चावडीच्या दाट वस्तीत राहणाऱ्यांनी हा निर्णय घेण्याआधी त्याचं घर कसं असावं, हे नीट समजून घ्यायला हवं. या प्राण्याचे बरेच हाल घराच्या मांडणीतल्या चुकांमुळे होतात, आणि त्या चुका टाळता येतात.

गैरसमज: हेजहॉग म्हणजे छोटं साळिंदर.
वस्तुस्थिती: साळिंदर हा उंदीर-खारींसारखा कुरतडणारा प्राणी आहे. हेजहॉगचं नातं चिचुंद्रीशी जवळचं. तो रात्री जमीन हुंगत, उकरत किडे शोधतो. म्हणून सशासाठी किंवा पांढऱ्या उंदरासाठी मिळणारा जाळीचा पिंजरा त्याच्या कामाचा नाही. जाळीच्या तळात त्याचे पाय अडकतात, नखं उखडतात. तळ सपाट आणि भरीवच हवा.

गैरसमज: रानात सापडलेला हेजहॉग घरी आणून वाढवता येतो.
वस्तुस्थिती: राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागांत आणि दक्षिण भारतात हेजहॉगच्या देशी जाती आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे त्यांना पकडणं, विकणं किंवा पाळणं हा गुन्हा ठरतो. पाळीव म्हणून जगभर विकला जातो तो आफ्रिकी जातीचा हेजहॉग. त्याच्या मागच्या पायाला चारच बोटं असतात. विक्रेत्याकडे प्राणी कुठून आला याची कागदपत्रं मागा. ती नसतील तर घेऊ नका. जखमी देशी हेजहॉग सापडला, तर वनविभागाला कळवा.

गैरसमज: प्राणी लहान, तेव्हा जागाही लहान चालेल.
वस्तुस्थिती: मोकळ्या रानात हेजहॉग अन्नाच्या शोधात रात्रभर भटकतो. घरात त्याला निदान चार फूट लांब आणि दोन फूट रुंद जमीन द्यावी. भिंती गुळगुळीत आणि दीड फूट उंच असाव्यात, वर हवा खेळती ठेवणारं झाकण असावं, कारण हा प्राणी चांगला चढतो आणि पडला की त्याचे पाय मोडतात. मजल्यामजल्यांचा पिंजरा म्हणूनच धोक्याचा. पळण्यासाठी साधारण बारा इंच व्यासाचं, भरीव पृष्ठभागाचं चाक हवं. तारांच्या चाकात पाय अडकतो, आणि लहान चाकात पाठ वाकवून धावावं लागतं.

गैरसमज: आफ्रिकेतला प्राणी आहे, हैदराबादचं ऊन त्याला सहज सोसेल.
वस्तुस्थिती: त्याला २४ ते २९ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. हैदराबादेत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत तर उकाडा आणखी वाढतो. ३२ अंशांच्या पुढे हेजहॉग पाय पसरून निपचित पडू लागतो. उन्हाळ्यात त्याला घरातली सर्वांत थंड खोली द्यावी. तळाच्या एका कोपऱ्यात शहाबादी फरशीचा तुकडा ठेवावा. त्यावर अंग टेकता येतं आणि चालताना नखंही घासली जातात. कूलरचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नये. डिसेंबरच्या रात्री उलटा धोका असतो. तापमान विशीच्या खाली गेलं की तो सुस्तावतो, थंड पडतो. याला नैसर्गिक शीतनिद्रा समजून सोडून देऊ नका. या जातीच्या ती जिवावर बेतते. त्याला हळूहळू ऊब द्या आणि पशुवैद्याला दाखवा. थर्मामीटर त्याच्या घराच्या आतच लावावा. थर्मोस्टॅटशिवाय हीटर लावू नये.

गैरसमज: नैसर्गिक घर म्हणजे बागेतली माती आणि वखारीतला भुसा.
वस्तुस्थिती: बागेतल्या मातीत कीटकनाशकं आणि गोचीड-पिसवा असू शकतात. वखारीतल्या भुशात धूळ असते. देवदारासारख्या लाकडाच्या उग्र वासाने श्वसनाला त्रास होतो. त्याऐवजी कागदाचा लगदा वाळवून केलेलं अंथरण तीन-चार इंच जाड पसरावं म्हणजे उकरता येतं. फवारणी न झालेल्या झाडाची, धुऊन कडक उन्हात वाळवलेली पानं एका भागात घालावीत. लपायला मातीची रुंद तोंडाची कुंडी आडवी ठेवावी. पाण्यासाठी जड, उथळ वाडगा बरा. अगरबत्ती, डासांची कॉइल, फिनेल आणि झुरळांचा खडू त्या खोलीत नको. घरातली झुरळंही त्याला खायला घालू नका. त्यांच्या अंगात विष असू शकतं.

गैरसमज: एकटा कंटाळेल, जोडी आणावी.
वस्तुस्थिती: हेजहॉग स्वभावाने एकटाच राहतो. दोन नर एकत्र ठेवले तर रक्तबंबाळ होईपर्यंत भांडतात. नर-मादी ठेवली तर पिल्लं होतात आणि बिथरलेली आई कधीकधी पिल्लांना खातेही. त्याला सोबतीपेक्षा दिवसा शांत अंधार आणि रात्री धावण्याची मोकळीक हवी.

गैरसमज: तोंडाला फेस आला म्हणजे तो पिसाळला.
वस्तुस्थिती: घरात नवी वस्तू ठेवली की हेजहॉग ती चावतो, तोंडात फेस आणतो आणि मान वळवून तो काट्यांना फासतो. हे त्याचं सहज वागणं आहे. खरी काळजी वेगळी: त्याच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू माणसांत येऊ शकतात. विष्ठा रोज काढावी, भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत, हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती तो देऊ नये.

हेजहॉग चार ते सहा वर्षं जगतो. म्हणून आधी घर उभं करा, दिवसरात्र त्याचं तापमान तपासा, अशा प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य शहरात शोधून ठेवा, आणि मगच प्राणी आणण्याचा विचार करा. एवढी जागा, थंडावा आणि वेळ देता येत नसेल, तर मुलांना स्पष्ट नाही म्हणा. त्या प्राण्याच्या भल्याचं तेच आहे.