तबकडीची हुबेहूब प्रत : काढावी कशी, उघडावी कशी

शाळेच्या कपाटात जुन्या सीडी सापडल्या की दोन अडचणी उभ्या राहतात. नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह बहुधा नसतो. आणि ड्राइव्ह मिळालाच, तरी ओरखडे पडलेली सीडी वाचली जाईल याची खात्री नसते. स्नेहसंमेलनाच्या फोटोंची एक सीडी आम्ही अशीच गमावली. तिची ‘डिस्क इमेज’ आम्ही काढून ठेवली होती, पण ती नीट तपासलेली नव्हती. गरज पडली तेव्हा फोटोंची नावे सगळी दिसली, शेवटचे फोटो मात्र उघडेनात. असे का झाले, हे समजण्यासाठी इमेज म्हणजे काय ते आधी पाहू.

इमेज म्हणजे काय?

वहीतील हवे ते धडे दुसऱ्या वहीत उतरवून घेणे म्हणजे फाइलींची नक्कल. उलट, वहीच्या प्रत्येक पानाची, अगदी कोऱ्या पानांचीही, क्रमाने झेरॉक्स काढून एकच गठ्ठा बांधला, तर ती झाली वहीची इमेज. अनुक्रमणिका आणि पानांचा क्रम, सारे जसेच्या तसे.

एक सोपा हिशोब करून पाहा. नेहमीच्या फ्लॉपीला २ बाजू, प्रत्येक बाजूवर ८० ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार येतो १४,७४,५६०. फ्लॉपीवर एकच ओळ लिहिलेली असो किंवा ती काठोकाठ भरलेली असो, तिच्या संपूर्ण इमेजचा आकार एवढाच!

सीडीवरील एक सेक्टर २३५२ बाइटचा असतो. माहितीच्या सीडीवर त्यातील २०४८ बाइट सहसा आपल्या माहितीसाठी असतात. उरलेले ३०४ सेक्टरची ओळख आणि चुका शोधून दुरुस्त करणे यांसाठी. म्हणूनच लहानसहान ओरखडे सीडी सहन करते. ‘आयएसओ’ फाइलमध्ये फक्त २०४८ बाइट घेतले जातात. ‘बिन’ फाइलमध्ये सहसा पूर्ण २३५२ असतात आणि सोबतच्या छोट्या ‘क्यू’ फाइलमध्ये ट्रॅकचा नकाशा असतो. या दोघींची ताटातूट करू नये. गाण्यांच्या सीडीला हीच जोडी लागते. आयएसओ चालत नाही.

उघडण्याचे तीन मार्ग

पहिला ‘माउंट’. विंडोज ८ (२०१२) पासून पुढे आयएसओ फाइलवर उजवे बटण दाबून ‘माउंट’ निवडले, की जणू सीडी घातली आहे असा नवा ड्राइव्ह दिसतो. काम झाल्यावर ‘इजेक्ट’ करावे. लिनक्समध्येही ही सोय आहे.

दुसरा, आतील फाइली बाहेर काढणे. सेव्हन-झिप हा मोफत प्रोग्राम त्यासाठी पुरतो.

तिसरा, इमेज कोऱ्या सीडीवर पुन्हा लिहिणे. इथे नेहमीची चूक होते. आयएसओ फाइल नुसती सीडीवर टाकली, तर वहीत गठ्ठा कोंबल्यासारखे होते. त्यासाठी ‘इमेज लिहा’ हीच आज्ञा द्यावी लागते.

इमेज उघडली म्हणजे आतला प्रोग्राम चालेलच असे नाही. १६ बिटचे जुने शैक्षणिक प्रोग्राम ६४ बिटच्या विंडोजवर थेट चालत नाहीत. शिवाय मूळ सीडीवर व्हायरस असेल, तर तोही इमेजमध्ये येतो.

खात्री कशी करावी?

आता आमच्या फोटोंकडे वळू. सीडीची अनुक्रमणिका बहुधा सुरुवातीच्या भागात असते. प्रत काढणे मध्येच थांबले, तरी अनुक्रमणिका उतरलेली असते; म्हणून नावे सगळी दिसतात, पण शेवटची पानेच नसतात. नावे दिसली म्हणजे प्रत पूर्ण झाली, हा समज आम्हांला महागात पडला.

तेव्हा इमेज काढल्याबरोबर, मूळ सीडी हाताशी असतानाच, तिच्यातील सर्व फाइली बाहेर काढून पाहाव्यात. आयएसओ फाइलच्या आकाराला २०४८ ने भागावे. बाकी उरली तर काहीतरी चुकले आहे. बाकी शून्य आली, तरी तेवढ्यावर विसंबू नये. अर्धवट प्रतही सेक्टरच्या सीमेवर तुटलेली असू शकते.

मग फाइलचा ‘एसएचए-२५६’ ठसा काढून वहीत नोंदवावा. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा तो काढून देते. हा ठसा ६४ अंक-अक्षरांचा असतो आणि फाइलमधील एक बिट जरी बदलला तरी वेगळा येतो. पुढे कधीही ठसा जुळला, की फाइल त्या दिवशी होती तशीच आहे असे समजावे. मात्र ती मुळात पूर्ण होती की नाही, हे ठसा सांगत नाही. ते उघडूनच पाहावे लागते.

इमेजच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. एकाच संगणकावर ठेवलेल्या दोन्ही प्रती त्याच्याबरोबरच जातात. हे काम आठवी-नववीच्या मुलांकडून करून घेता येईल. भागाकार त्यांना येतोच, आणि शाळेची जुनी संमेलनेही वाचतील.