चिलटांचे विरजण

पिकलेली केळी दोन दिवस फडताळात राहिली, की त्यांवर बारीक चिलटे घोंघावू लागतात. घरातील मंडळी ती हाताने वारतात आणि केळी गाईपुढे टाकून मोकळी होतात. अशी क्षुद्र चिलटे कोणी मुद्दाम पाळीत असेल, त्यांच्या कुळाची नोंद ठेवीत असेल आणि मागणी आल्यास ती परगावी धाडीत असेल, असे सांगितले तर विद्यार्थिमित्रांना ती थट्टाच वाटेल. परंतु आपल्याच राज्यात, म्हैसूर विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात, हे कार्य कित्येक वर्षे चालू आहे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. तथापि या विषयाची माहिती मिळवीत असता आम्हांस वारंवार आठवण झाली ती आपल्या स्वयंपाकघरातील विरजणाची. म्हणून हा लेखनप्रपंच.

या चिलटाचे शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला. आंब्याला डंख करून आत अळी पाडणारी फळमाशी ती निराळी. हे चिलट आंबू लागलेल्या फळांवरील किण्वावर जगते. सुमारे २५ अंश सेल्सिअस उष्णतेत त्याची नवी पिढी दहा दिवसांत तयार होते आणि एक मादी शेकडो अंडी घालते. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्यास याहून सोयीचा प्राणी कोणता? १९१० साली न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या चिलटांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर आढळला. त्याच्या वंशजांचा अभ्यास करून त्यांनी दाखविले, की डोळ्यांच्या रंगाचा गुण एका विशिष्ट गुणसूत्राशी बांधलेला असतो. १९३३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मॉर्गन व त्यांचे शिष्य आपल्याजवळची चिलटे इतर संशोधकांना मोकळ्या हाताने देत असत. पुढे १९३४ पासून, कोणाजवळ कोणते वाण आहे हे सांगणारी पत्रिकाही निघू लागली.

आता खरी अडचण पाहा. निपाणीकडील शेतकरी तंबाखूचे बी सुकवून जपून ठेवतो आणि पुढील हंगामात पेरतो. चिलटांचे वाण असे डब्यात घालून ठेवता येत नाही. त्यांचे गर्भ गोठवून पुन्हा जिवंत करण्याची रीत अलीकडे साधली आहे. पण ती खटपटीची असल्याने नित्याच्या वापरात नाही. म्हणून प्रत्येक वाण जिवंतच राखावे लागते.

म्हैसूरच्या प्रयोगशाळेत त्यासाठी जे अन्न शिजते, ते ऐकून आपल्या गृहिणींना हसू येईल. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम गूळ आणि १०० ग्रॅम गव्हाचा रवा. म्हणजे जवळजवळ गुळाचा सांजाच! तो घट्ट व्हावा म्हणून समुद्रशेवाळापासून काढलेले अगर, बुरशी येऊ नये म्हणून प्रोपिऑनिक आम्लाचे थोडे थेंब आणि वर किण्वाचा शिडकावा. या बाटल्यांत चिलटे सोडून तोंडाला कापसाचा बोळा लावतात. अन्न जुने होण्यापूर्वी नवी पिढी नव्या बाटलीत घालावी लागते. सुट्टी असो वा सण, पाळी चुकून चालत नाही. बाटलीवरील चिठ्ठी चुकली किंवा बाहेरचे एखादे चिलट आत शिरले, तर चिलटे जिवंत राहूनही वाण बिघडते.

वाण नाहीसे झाले तर काय बिघडले, असे कोणी विचारील. म्हैसूरचेच उदाहरण घेऊ. तेथील संशोधकांनी चिलटांच्या दोन भगिनी-जातींचा संकर केला. नासुटा या जातीत गुणसूत्रे आठ, तर अल्बोमिकान्स या जातीत सहा. प्रा. एच. ए. रंगनाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी या संकरातून अनेक पिढ्यांनंतर स्थिर झालेल्या नव्या वंशांचा अभ्यास केला. नव्या जाती कशा उदयास येतात, याचा जणू तो डोळ्यांदेखत चाललेला प्रयोगच होय. हे वंश कोणत्याही रानात सापडत नाहीत. ते केवळ बाटलीतच आहेत. शेवटची बाटली गेली, की ते पृथ्वीवरून गेले. आणखी लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की संकरासाठी वापरलेले अल्बोमिकान्सचे एक वाण मूळ जपानच्या ओकिनावा बेटावरील असून ते अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहातले होते. तेथील लोकांनी ते जपले व दिले, म्हणून येथे नवे ज्ञान निर्माण झाले.

मागे एकदा आमच्या घरी चार दिवस कोणी नव्हते. परत येऊन पाहतो तो विरजण नासलेले. आईने वाटी घेऊन शेजार गाठला. शेजारीण हसून म्हणाली, "अहो, हे तुमच्याकडूनच तर नेले होते मी!" आमचे विरजण आमच्याकडे परत आले. ते राहिले, कारण आईने ते कधीकाळी देऊन टाकले होते.

शास्त्रज्ञांच्या देवघेवीचे मर्म हेच आहे. एकाच खोलीत ठेवलेले वाण एका दिवसाच्या हलगर्जीने किंवा एका रोगाने नष्ट होऊ शकते. चार ठिकाणी दिलेले वाण सहसा बुडत नाही. अमेरिकेत ब्लूमिंग्टन येथील संग्रहात आज सत्तर हजारांहून अधिक वाणे आहेत आणि ती जगभर जातात. त्यामागे औदार्य आहे, तशीच दूरदृष्टीही आहे. विद्यार्थिमित्रहो, केळ्यावरचे चिलट वारताना याची आठवण ठेवा आणि आपल्या वहीतील टिपणे शेजारच्या मुलाने मागितली, तर हात आखडू नका.