सावली, रेखांश आणि एक प्रश्न

उज्जैनची वेधशाळा सवाई जयसिंहांची. माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये तिची दुरुस्ती करवली. तिथल्या सम्राट यंत्राच्या सावलीवरून वाचलेली वेळ मनगटावरच्या घड्याळाशी जुळत नाही. घड्याळ ८२.५ अंश रेखांशाची वेळ दाखवते, यंत्र उज्जैनची. एका अंशामागे चार मिनिटे या हिशेबाने कोणत्याही गावाचा फरक काढणारा प्रोग्रॅम मी पायथॉनमध्ये लिहिला. (सूर्याच्या कमीजास्त चालीमुळे वर्षभर बदलणारा फरक वेगळा, तो इथे धरलेला नाही.) गणित एका ओळीत संपले. वेळ गेला तो रेखांश विचारण्यात.

पायथॉनच्या 'इनपुट' या फंक्शनला प्रश्न दिला की तो पडद्यावर उमटतो आणि प्रोग्रॅम तिथेच थांबतो. आपण टाइप केलेली अक्षरे लगेच दिसतात, पण प्रोग्रॅमला मिळत नाहीत. एंटर दाबेपर्यंत टर्मिनल ती ओळ स्वतःजवळ ठेवते, म्हणून चुकलेले अक्षर खोडता येते. एंटरनंतर हाती येतो तो मजकूर. त्याची संख्या 'फ्लोट' करते. देवनागरीत ७५.७७ लिहिले तरी चालते, हे पाहून मला फार बरे वाटले. कोणी 'उज्जैन' लिहिले, तर मात्र व्हॅल्यू-एरर येऊन प्रोग्रॅम कोसळतो. ती चूक पकडायची, काय हवे ते सांगायचे आणि लूपमध्ये पुन्हा विचारायचे.

लूपला न सापडणारी चूक याहून वाईट. उज्जैनचा रेखांश ७५ अंश ४६ कला. नुसते 'रेखांश?' विचारले तर माणूस सहज ७५.४६ लिहून जातो. आकडा मर्यादेत बसतो, कुठे काही अडत नाही. पण ४६ कला म्हणजे ०.७७ अंश. उत्तर २६ मिनिटे ५६ सेकंद यायला हवे, ते येते २८ मिनिटे १० सेकंद. सव्वा मिनिटाची ही चूक प्रश्नाची आहे, उत्तर देणाऱ्याची नाही. म्हणून दोन प्रश्न विचारावेत: 'अंश (उदा. ७५): ' आणि 'कला (० ते ५९): '. कोलननंतर एक जागा मोकळी सोडावी, नाहीतर उत्तर प्रश्नाला चिकटते.

पकडायची ती फक्त व्हॅल्यू-एरर. गावांच्या रेखांशांची यादी फाइलमधून दिली, तर ती संपल्यावर 'इनपुट' इओएफ-एरर देते. सगळ्याच चुका सरसकट पकडल्या तर तीही त्यात अडकते आणि उत्तर द्यायला कोणी नसताना प्रोग्रॅम तोच प्रश्न विचारत राहतो.